मदत हवी आहे: स्पायका प्लास्टरमध्ये लहान मूल रात्री कसं झोपवायचं?

मुलगी सव्वादोन वर्षांची, मांडीचं हाड मोडलंय. हिप स्पायका प्लास्टर आहे, कमरेपासून घोट्यापर्यंत. अजून हॉस्पिटलमध्येच आहोत. दुखण्याचं औषध वेळेवर चालू आहे, पायाची बोटं गुलाबी आणि गरम आहेत, तेव्हा ती काळजी नाही. डायपरचंही जमलं: लहान साइजचा प्लास्टरच्या आत खोचायचा, वरून मोठा (नर्सची युक्ती, भारी आहे!).

अडतंय ते रात्री. दचकून उठते, स्वतःहून वळता येत नाही म्हणून रडत राहते. उशांचा आधार, आम्ही कूस बदलून देणं, गोष्टी, मोबाइल, सगळं करून झालं. झोपेचं औषध शक्यतो नको. ज्यांची मुलं स्पायकात होती त्यांनी रात्री नेमकं काय केलं? आणि नर्स दिसताच किंचाळणं कशाने थांबलं?