बॉल फेकला की झाला फिटनेस?

वीव्हपोलवेडी:
उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस गप्पही बसले. पण 'जुना गडी' यांचं ते लिखाण आज तिसऱ्या माणसाने "बघ, अनुभवी माणूस काय म्हणतोय" म्हणून मला पाठवलं, तेव्हा राहवेना. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांच्याच शब्दांत (अजिलिटी म्हणजे कुत्र्याने उड्या, वळणं, खांब असे अडथळे घड्याळ लावून पार करायचा खेळ): "अजिलिटीच्या कुत्र्याला वेगळा व्यायाम लागतो हे नवं खूळ. रोज अर्धा तास बॉल फेका, आठवड्यातून दोनदा सायकलीबरोबर पळवा. कुत्रा आडवा झाला की झाला फिटनेस."

काका, कुत्रा दमवणं वेगळं आणि कुत्र्याचं अंग कमावणं वेगळं.

बॉलमागे सुटलेला कुत्रा एकदा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा. पूर्ण वेगात जातो, बॉल उसळला की पुढचे दोन्ही पाय रोवून ब्रेक मारतो आणि त्याच पायांवर गर्रकन वळतो. कुत्र्याचा खांदा आपल्यासारखा हाडाने छातीला जोडलेला नसतो. पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले. नुसतं उभं असतानाही साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर. त्यावर हे रोजचे पन्नास ब्रेक. आणि मागच्या पायांचं काय? बहुतेक कुत्र्यांना मागचे पाय आपलेच आहेत याची खबर नसते. ते आपले ओढल्यासारखे मागून येतात.

मी दोन वर्षं हेच बॉलचं केलं. माझी कॉली वेळेत नेहमी पुढे, म्हणून मी खूश. मग डावीकडच्या वळणावर उडीच्या दांड्या पडायला लागल्या, फक्त डावीकडच्या. मी काय केलं? डावीकडे वळून उड्या मारण्याचा सराव वाढवला! शेवटी फिजिओने तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. ती ओरडली नाही, फक्त वळून बघितलं आणि दोनदा ओठ चाटले. इलिओप्सोआस, म्हणजे कंबरेपासून मांडीपर्यंत जाणारा स्नायू, ताणलेला. चार महिने लीशवर चालणं, बाकी सगळं बंद. फिजिओ म्हणाली, हे आजचं नाही, बरंच जुनं आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आमचं आठवड्याला तीनदा दहा-पंधरा मिनिटं. जमिनीलगतच्या दांड्यांवरून दुडकी, उलटं चालत पायरीवर चढणं, बसून-उठून. बॉल असतो, पण जमिनीवरून सरपटत सोडलेला आणि मोजून पाच वेळा.

जुना गडी:
ताई, तुमच्या कॉलीचं वाईट वाटलं, मनापासून. पण एका कुत्र्याच्या मांडीवरून जगाला शहाणपण? मेंढ्यांमागचे कुत्रे दिवसभर पळतात, त्यांना कोण दांड्यांवरून दुडकी चालवतो? बर्फातले गाडी ओढणारे कुत्रे हजार मैल धावतात, त्यांचा फिजिओ कोण? माझ्या हातून सात कुत्रे खेळले. एक चौदा वर्षं जगला, तेराव्या वर्षीही हर्डल बघितलं की शेपूट हलायचं. त्याला मी आयुष्यात बॉलच फेकला.
कुत्र्याला मागचे पाय असतात हे माहीत नसतं म्हणे! मग खाजवतो कशाने?

कॉलीची आई:
वीव्हपोलवेडी +१.
आणि विषय निघालाच आहे तर वॉर्म-अपबद्दल कुणीतरी बोला हो. परवा एकाने कुत्रा क्रेटमधून काढला, मुतवला आणि थेट स्टार्ट लाइनवर. विचारलं तर म्हणे "तो नेहमी तयारच असतो." डोक्याने तयार असतो हो तो, स्नायूंनी नाही. पाच मिनिटं चाल, मग दुडकी, दोन्ही बाजूंना गोल, एक-दोन बुटक्या उड्या. आणि फेरीनंतरही चालवा. आमच्याकडे फेरी झाली की कुत्रा क्रेटमध्ये आणि मालक निकालाच्या बोर्डासमोर.

थोडंस्पष्ट:
गडी साहेब, बर्फातल्या कुत्र्यांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. 1973 पासून चालू असलेल्या इडिटारॉडमध्ये (अलास्कातली कुत्रागाड्यांची शर्यत) कुत्रे पळत सुटत नाहीत, बहुतेक अंतर एकसुरी दुडकीत कापतात. त्यांची तयारी बर्फ पडायच्या कितीतरी आधी, शरद ऋतूत चाकांच्या गाड्या ओढून सुरू होते, अंतर हळूहळू वाढवत. वाटेत चेकपॉइंटवर व्हेट तपासतात, 24 तासांची एक सक्तीची विश्रांती असते. याला कंडिशनिंगच म्हणतात. तुमच्या बॉलमध्ये यातलं काय आहे?
मेंढ्यांमागच्या कुत्र्यांचं म्हणाल तर जे लंगडे झाले ते तुम्हाला दिसले नाहीत, इतकंच.

शेपूटवाकडं:
मी दोन्हीकडून जोडे खाणार, तरी लिहितो. गडींचं एक बरोबर आहे: या फिटनेसच्या नावाने फुगवलेल्या वस्तूंचा धिंगाणा चाललाय. शेंगदाण्याच्या आकाराच्या फुग्यावर चारही पाय एकत्र, पाठ कमानीसारखी, शेपूट खाली, डोळे पांढरे, आणि वर मथळा "कोअर स्ट्रेंथ". तो कुत्रा ताकद नाही कमवत, पडू नये म्हणून जीव मुठीत धरून उभा आहे.

वीव्हपोलवेडी:
हे मान्य. जमीन, चार काठ्या आणि एक पायरी एवढ्यावर वर्षभर काम होतं. फुग्यांची बाजू मी घेतलेली नाही, कृपया माझ्या तोंडी घालू नका.

लॅबवाला:
माझा लॅब आठ महिन्यांचा आहे. सगळे सांगतात वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं, म्हणजे आठ महिन्यांना चाळीस मिनिटंच व्यायाम. त्याचं काय?

थोडंस्पष्ट:
तो नियम कुठून आला कुणी सांगू शकत नाही, पण सगळे पाठ म्हणतात. नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेला अभ्यास 2012 मध्ये आला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत पुढे हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार) जास्त. उलट मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. म्हणजे प्रश्न मिनिटांचा नाही, कशावर आणि काय करतोय त्याचा आहे. हाडांच्या टोकांजवळची वाढ थांबेपर्यंत पूर्ण उंचीच्या उड्या आणि वीव्ह पोल्सची (ओळीतल्या खांबांमधून नागमोडी पळण्याची) घोटाई नको. एफसीआयच्या (श्वानसंघटनांच्या जागतिक महासंघाच्या) अजिलिटीत 18 महिन्यांच्या आत उतरताच येत नाही, ते उगाच नाही.

हर्डलपाडू:
हे सगळं ठीक, पण मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. रिंगमध्ये येणारे अर्धे कुत्रे जाड आहेत. जाड! वॉर्म-अप करा, दांड्या मांडा, दोन किलो चरबी घेऊन उडी मारतोय तो. आणि सगळ्यात जास्त लॅबवाले. "आमची जातच भरदार" म्हणे.

लॅबवाला:
'लॅबवाले' म्हणजे मीच ना? नाव घेऊन बोला. माझा कुत्रा भरदारच आहे, व्हेटने बघितलाय. तुमच्यासारखं हाडं मोजता येणारं काटकुळं जनावर मला नकोय.

हर्डलपाडू:
हाडं मोजता यायलाच हवीत. हात घ्या. मूठ वळा, बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा फार बारीक. आता हात सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा: हे बरोबर. तळव्यावरच्या अंगठ्याच्या उंचवट्यावरून फिरवा: हा जाड. जाडी मोजायच्या एक ते नऊच्या मोजपट्टीवर चार-पाच हवे. रिंगमध्ये सात दिसतात आणि लोक त्यांना "मसल" म्हणतात.

लॅबवाला:
आठ महिन्यांच्या पिल्लाला उपाशी मारू का?

कॉलीची आई:
उपाशी कोण म्हणालं? 48 लॅब्रॅडॉरांवरचा तो जुना अभ्यास, 2002 मध्ये आला. एकाच वेतातले जोडीदार, एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आयुष्यभर. बारीक ठेवलेल्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, दुसऱ्यांचं 11.2. सांध्यांचं दुखणंही उशिरा. आणि ते लॅबच होते, बरं का, भरदार जातीचे.

लॅबवाला:
म्हणजे मी माझ्या कुत्र्याची दोन वर्षं खातोय, असंच ना? प्रश्न मिनिटांचा विचारला होता, निकाल माझ्या पालकत्वाचा लागला. धन्यवाद. पु.ले.शु.

जुना गडी:
बघा, हेच म्हणत होतो. नवा माणूस येतो, त्याला आकडे मारून पळवता. लॅबवाले, मनावर घेऊ नका. कुत्र्याचा डोळा बघावा. डोळा चमकतोय ना? मग ठणठणीत.

हर्डलपाडू:
डोळा! तुमच्या चौदा वर्षांच्या कुत्र्याचं वजन किती होतं हो?

जुना गडी:
काटक होता. कंबर एका हातात मावायची.

हर्डलपाडू:
झालं की मग. बॉलने नाही जगला तो, कंबरेने जगला.

जुना गडी:
जिभेला हाड नसलं की माणूस असंच बोलतो. जो कुत्रा तुम्ही डोळ्यांनी बघितला नाही त्याच्यावर बोलू नका. शेवटच्या वर्षी मी त्याला उचलून जिना उतरवत होतो.

शेपूटवाकडं:
हर्डलपाडू, हे जरा अति झालं.

हर्डलपाडू:
कुत्र्याबद्दलचं मागे घेतो. कंबरेबद्दलचं नाही.

वीव्हपोलवेडी:
धागा माझा आहे याची नम्र आठवण. अवांतर करायचंच तर नखांवर करा, निदान कामाचं. फरशीवर चालताना टकटक ऐकू येतेय म्हणजे नखं वाढलीत, पंजा नीट टेकत नाही. आणि ती टकटक नीट ऐका. माझ्या कॉलीची चाल बिघडली तेव्हा ती मला दिसली नव्हती, आधी ऐकू आली होती: टक-टक-टक आणि चौथं गायब. मी आवाज ऐकला आणि चहा ढवळत राहिले.

लॅबवाला:
(चार दिवसांनी) वजन केलं. काटा माझाच, आधी मी एकटा, मग त्याला उचलून. आकडा सांगणार नाही. व्हेटला विचारलं, तर म्हणाल्या "मागच्या वेळी मी सांगितलं होतं की." सांगितलं असेल. ट्रीट्स आता त्याच्या जेवणातूनच काढून ठेवतो. हर्डलपाडूंचे आभार मानणार नाही, त्यांची बोलायची पद्धत भिकार आहे.

हर्डलपाडू:
चालेल.

जुना गडी:
मी वाद संपवायला आलेलो नाही. बॉल मी फेकणारच. पण काल नातवाने झाडूचे चार दांडे मांडले, ताईंनी सांगितलं तसं. कुत्रीच्या खांद्याच्या उंचीइतकं अंतर ठेवून. तीन वर्षांची आहे, दोनदा क्लीन रन (एकही चूक नसलेली फेरी) दिलाय. पुढच्या पायांनी चारही दांडे सुरेख ओलांडले. मागच्या पायांनी चारही उडवले. तीनदा केलं, तिन्ही वेळा. तिला कळलंही नाही, शेपूट हलवत माझ्याकडे आली. उंची चुकली असेल बहुतेक.

वीव्हपोलवेडी:
उंची किती ठेवली होती काका? मनगटाच्या खालीच हवी, सुरुवातीला तर त्याहून कमी.

जुना गडी:
ठेवली नव्हती. जमिनीवरच होते.