मिठाच्या पूलचा क्लोरीन सेल पांढरा पडलाय, ॲसिडने धुऊ का?

पानशेतकर_आजोबा

नमस्कार मंडळी. विषय पोहण्याच्या पूलचा असला तरी दुखणं आपल्या बोअरच्या पाण्याचं आहे, म्हणून इथे विचारतोय.

पानशेत रस्त्याला आमचं शेतघर आहे. मुलाच्या हट्टापायी तिथे छोटा पूल बांधला. ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे ३८,००० लिटरच्या आसपास. मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र बसवलंय. दोन वर्षं काही बघावं लागलं नाही. यंदा मे महिन्यात, नातवंडं यायला आठ दिवस असताना, ‘मीठ कमी’चा लाल दिवा लागला आणि पाणी हिरवट दिसायला लागलं. पंचवीस किलोच्या दोन गोण्या मीठ ओतलं. दिवा तसाच. शेवटी पाइपातून सेल (यंत्राचा क्लोरीन बनवणारा भाग) सोडवून उजेडात धरला, तर आतल्या पत्र्यांच्या फटी पांढऱ्याफटक. जुन्या गिझरची कॉइल काढल्यावर दिसते ना, तस्सं.

बसवून देणारा फोन उचलत नाही. आमच्या राखणदाराने ‘त्यात काय साहेब’ म्हणत स्क्रू-ड्रायव्हर घालून एक फट खरवडली. थर निघाला, पण पत्र्यावर चकचकीत ओरखडा उठला. मग मी त्याला थांबवलं. हार्डवेअरवाला म्हणतो फरशीचं ॲसिड ओता, पाच मिनिटांत मोकळं. खरंच ओतू का? नव्या सेलची किंमत ऐकून घाम फुटलाय.

गिझरग्रस्त

बाथरूमचं निळं लिक्विड ओता की काका. आमच्या गिझरला मस्त चाललं.

डोंबिवलीचा_रसायनवाला

निळं लिक्विड नको. त्यात ॲसिड असतं हे खरं, पण सोबत दाटपणा, रंग, साबण असं बरंच काही असतं. ते फटींत चिकटून बसतं आणि नंतर पूलमध्ये फेस येतो.

काका, आधी त्या ओरखड्याचं. पत्रा टायटॅनियमचा असतो, पण क्लोरीन बनवतो तो त्याच्यावरचा रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. चकाकी दिसली म्हणजे तिथला लेप गेला. तेवढी रेघ आता मेली, बाकीचा सेल चालेल. स्क्रू-ड्रायव्हर, तारेचा ब्रश, पत्र्याची पट्टी, काहीही आत घालायचं नाही. फार तर आइसक्रीमची लाकडी काडी, तीही हलक्या हाताने.

ॲसिड चालतं, पण ती शेवटची पायरी. आधी यंत्राचा एमसीबी (वीज तोडणारा मुख्य खटका) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंप बंद, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, मग सेल सोडवा. बागेच्या नळीने जोरात पाणी मारा. भुसभुशीत थर असेल तर निम्मा इथेच निघतो.

उरलेल्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड. दुकानात मिळतं ते साधारण ३० टक्क्यांचं असतं. तसंच ओतलं तर खार, म्हणजे तो पांढरा थर, जाईल, पण सोबत लेपही झिजेल. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड इथून सुरुवात करा. तुमच्या सेलमध्ये दीड लिटर मावत असेल तर १,३५० मिली पाणी आणि १३५ मिली ॲसिड. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतं. पुस्तिकांमध्ये चारास एक हे प्रमाणही दिलेलं असतं, पण ते दहास एकने काम झालं नाही तरच.

पंपाच्या खोलीत करू नका. अंगणात, वारा पाठीवर घेऊन. रबरी हातमोजे, बाजूनेही झाकणारा चष्मा, आणि वाहत्या पाण्याची नळी हाताशी. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा मिनिटं पाणी मारत राहायचं आणि तडक डॉक्टर. सेलचं एक तोंड बंद करून तो बादलीत उभा ठेवा आणि मिश्रण वरून हळूहळू सोडा. वायर जोडायची पिन ओली होता कामा नये. फसफसायला लागेल, तो कार्बन डायऑक्साइड. फसफस थांबली की काम झालं, बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत. ‘अजून थोडं राहू दे’ हा मोह नको, कारण थर संपला की ॲसिड लेपाच्या मागे लागतं.

आता बादलीबद्दल, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. पंचवीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये काढली, आणि सोसायटीच्या पूलवर सेल धुताना कोपऱ्यातली पहिली दिसली ती बादली उचलली. तळाला चार-दोन पांढरे दाणे चिकटलेले होते. मला वाटलं मीठ. ती क्लोरीनची पावडर होती. ॲसिड पडताच पिवळट-हिरवा धूर वर आला आणि घशात काचा गेल्यासारखं झालं. श्वास धरून पळालो म्हणून वाचलो, तरी तीन दिवस खोकत होतो. बायको अजून सगळ्यांना सांगते. तेव्हा बादली नवी घ्या, आणि पूलच्या गोळ्या, पावडर, ब्लीचिंग यातलं काहीही ॲसिडच्या आसपास ठेवू नका.

आणि मीठ टाकायचं थांबवा! तुमचं यंत्र मीठ थेट मोजत नाही, सेलमधून किती करंट जातो त्यावरून अंदाज बांधतं. खार साचला की करंट घटतो आणि यंत्र ‘मीठ कमी’ म्हणतं. तुमच्या पूलमध्ये ५० किलो म्हणजे १,३०० पीपीएमची (दहा लाख भागांत १,३०० भागांची) भर पडली.

पर्थची_मावशी

इथे पर्थला आमच्या गल्लीत बहुतेक पूल मिठाचेच. ॲसिडची वेळ आमच्याकडे वर्षातून एखाददा येते, कारण आमचं यंत्र दर काही तासांनी विजेची दिशा उलटी करतं आणि थर आपोआप सुटतो. तुमच्यात ती सोय आहे का, बंद तर झाली नाही ना, हे पुस्तिकेत बघा. आणि पीएच! मिठाच्या पूलचा पीएच सतत वर सरकतो. ७.८च्या वर राहिला की सेल पांढरा झालाच म्हणून समजा. आम्ही दर रविवारी मोजतो, ७.४ ते ७.६च्या दरम्यान ठेवतो.

पानशेतकर_आजोबा

पुस्तिका सापडली. विजेची दिशा उलटी होते म्हणे, आठ तासांनी. मग तरी का साचलं? आणि वापरलेलं ॲसिड आंब्याच्या आळ्यात ओतू का?

डोंबिवलीचा_रसायनवाला

आंब्याने काय घोडं मारलंय तुमचं! खायचा सोडा चमच्या-चमच्याने टाका, फसफस थांबली की भरपूर पाण्यासोबत बांधीव मोरीत सोडा. सेप्टिक टँकला जाणाऱ्या मोरीत नको.

का साचलं ते तुमच्या बोअरमध्ये आहे. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी पाणी उडतं असं धरा. ३२ चौरस मीटरवर ते १६० लिटर. तीन महिन्यांत साधारण १४,४०० लिटर तुम्ही बोअरने भरलंत. बोअरचा जडपणा (पाण्यात विरघळलेला खार) ५०० पीपीएम धरला तर ७ किलोंहून जास्त खार आत गेला. उडालं ते शुद्ध पाणी, खार तिथेच. क्लोरीन बनताना सेलमधल्या कॅथोडपाशी, म्हणजे ऋण बाजूच्या पत्र्यापाशी, पाणी अल्कली होतं, म्हणून तो सगळ्यात आधी तिथेच बसतो. दिशा किती वेळा उलटवणार?

पानशेतकर_आजोबा

काल सकाळी केलं. एमसीबी पाडला, राखणदाराला नळी देऊन लांब उभं केलं, नवी लाल बादली आणली. नळीच्या पाण्यानेच पापुद्रे सुटले, कुरडईच्या चुऱ्यासारखे. मग दहास एकचं मिश्रण. ओतल्या ओतल्या सोडा वॉटरसारखा आवाज, आणि बारा मिनिटांनी शांत. आत काळपट-करडे पत्रे स्वच्छ दिसले, मधला तो ओरखडाही. बसवताना ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावलं, आधी नुसता पंप चालवून गळती बघितली, मगच वीज दिली.

दिवा विझला आणि लगेच दुसरा लागला: ‘मीठ जास्त’! पाणी तपासून आणलं: मीठ ४,६०० पीपीएम, पीएच ८.१, बोअरचा जडपणा ५६०. आता ९,००० लिटर काढून धरणाच्या पाण्याचा टँकर मागवलाय. काढलेलं खारं पाणी कुठे सोडायचं यावर घरात चर्चा चालू आहे. आंब्याकडे जाऊ देणार नाही, एवढं ठरलंय. नातवंडं शनिवारी येतायत.