मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ की लिनक्स?

नमस्कार मंडळी. बाबांचा २०१६ चा लॅपटॉप आहे. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, म्हणून ११ टाकायला गेलो तर प्रोसेसरच चालत नाही म्हणे. इंटेलचा किमान आठव्या पिढीचा लागतो. तपासणी चुकवून ११ बसवता येतं हे वाचलंय, पण पुढचे अपडेट्स अडले तर निस्तरणार कोण?

हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणारच आहे. त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) घालावं का? खरी अडचण एकच: बाबांचं सगळं टायपिंग श्रीलिपीत (विंडोजवर चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), जुन्या फाइल्सही त्यातच. युनिकोडचं (कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मराठी टायपिंगचं) नाव काढलं की चिडतात! श्रीलिपी मिंटवर वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) कुणी चालवलंय का?