"ताट पुसल्याशिवाय उठू देऊ नका" म्हणे!

निवांत: कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. 'भूक नाही हे नखरे असतात, दीड वर्षाच्या मुलालाही सगळं संपवल्याशिवाय उठू देऊ नका.' अहो, पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो वाढतं. मग भूक कमी होणारच की! काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे मुलं तोंड लावतात. आपण तिसऱ्याच वेळी हात टेकतो.

जुनी खोड: पोस्ट माझीच. आम्हाला धाक दाखवूनच भरवलं. मेलो का?

निवांत: नाही. पण पोट भरल्यावरही ताट संपवायची सवय अजून सुटली नसेल, बघा आठवून.

जुनी खोड: माझ्या पोटावर घसरू नका. नातू जेवला नाही तर मी सरळ मोठा पेला दूध देतो. पूर्णान्न आहे ते.

धाकट्याची आई: इथेच तर घोळ होतो! माझा धाकटा जेवत नव्हता म्हणून मी दिवसाला लिटरभर दूध पाजत होते. पोरगं गुबगुबीत, पण पांढरंफटक. तपासलं तर हिमोग्लोबिन 7.5, म्हणजे फारच कमी. दुधात लोह नावापुरतं, वर पोट भरलेलं, जेवणार कसं? डॉक्टरांनी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं. आठ दिवस घरात नुसता आरडाओरडा, मग स्वतःहून ताटाकडे आला.

जुनी खोड: म्हणजे आता दूध विष?

धाकट्याची आई: असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा तरी.

तिरकस: दुधाचं राहू द्या, आमच्याकडे सासूबाई 'फळच आहे ते' म्हणत बाटलीभर रस पाजतात. चोथा गेला, साखर उरली. वर्षाच्या आत तर रस द्यायचाच नसतो. आणि मधाचं बोट? सहा महिन्यांच्या बाळाला! बोटुलिझमची, म्हणजे मधातल्या जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेची भीती म्हणून वर्षापर्यंत मध नको, हे सांगितलं तर मीच आगाऊ.

निवांत: सासूबाईंसाठी वेगळा धागा काढा हो.

जुनी खोड: बरं, नातवाचं दूध मोजलं. पाऊण लिटर भरलं. उद्यापासून कमी करतो. पण ताटाचं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, विदुषींनी नोंद घ्यावी.