ऑटिझम आणि एकाच मैत्रिणीत पूर्ण अडकणं, अजून कोणाचं असं होतं का?

शाईची_दौत:
मी ३१ वर्षांची, पुण्यात असते, ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. एक मैत्रीण आहे, आधी एकाच ऑफिसात होतो, आता तिने कंपनी बदललीये. चार वर्षांत मला तिच्याशिवाय दुसरं कोणी लागलंच नाही. सकाळी उठल्यावर पहिला विचार तिचा, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, ती कुठल्या बसने जाते, सगळं पाठ. मेसेजवर निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही की जीव टांगणीला लागतो, जेवण जात नाही, जुने मेसेज परत परत वाचून मी कुठे चुकले ते शोधत बसते. नऊ दिवसांपूर्वी ती म्हणाली, "मला जरा स्पेस दे गं." तेव्हापासून मी काहीच पाठवलेलं नाही. स्पेस म्हणजे किती दिवस? हे प्रेमप्रकरण नाहीये, ते मी स्वतःला नीट विचारून झालंय. आई म्हणते एवढा जीव लावू नये माणसाला. पण कमी जीव कसा लावतात ते मला खरंच माहीत नाही.

रात्रपाळी:
तुझी पोस्ट वाचून हॉस्टेलचे दिवस आठवले. मीही ऑटिस्टिक, वय ४०. माझा रूममेट माझं सगळं जग होता, सुट्टीत तो गावी गेला की मी दिवसातून सहा फोन करायचो, मग त्याने उचलणं बंद केलं आणि मी कितीतरी वर्षं स्वतःला वाईट माणूस समजत राहिलो. नंतर मोनोट्रॉपिझमबद्दल वाचलं. डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांचा २००५चा लेख आहे, त्यात म्हटलंय की ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर जातं, पण जिथे जातं तिथे सगळं ओतलं जातं. रेल्वेच्या वेळापत्रकात ओतलं तर कोणाला त्रास नाही, माणसाला मात्र त्याचा भार होतो.
आणि मला त्याचा जास्त वेळ नको होता, पुढचं बोलणं कधी होणार हे माहीत हवं होतं, हे कळायला फार उशीर झाला. आता जो मित्र आहे त्याच्याशी बुधवारी रात्री ९ ला फोन ठरलेला आहे. मधल्या दिवसांत जे सांगायचंय ते वहीत लिहून ठेवतो. जीव तेवढाच आहे, पण टांगलेला नसतो.

पलीकडची_मी:
मी ऑटिस्टिक नाही, माझी जवळची मैत्रीण आहे. मी पण तिला "स्पेस दे" म्हणाले होते. माझ्या मनात एवढंच होतं की ऑफिसच्या वेळात लगेच उत्तराची वाट बघू नकोस, तिने ऐकलं "निघून जा" आणि दोन महिने गायब झाली, मला वाटलं रागावलीये म्हणून मीही गप्प. डेमियन मिल्टन या ऑटिझमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये डबल एम्पथीची कल्पना मांडली ना, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, एकट्या ऑटिस्टिक माणसाचा तो दोष नाही, ते आमच्या बाबतीत अगदी खरं होतं. ताई, तुझे नऊ दिवस तिलाही लांब वाटत असतील. तिला आकडा विचार, दिवस विचार. सरळ विचारलेलं आम्हाला पण सोपं जातं गं.

कोकणकडा:
सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकू नका एवढंच सांगेन. जेवण जात नाही हे काळजीचं आहे, चिंतेचा त्रास वेगळा असू शकतो आणि त्यावर इलाज होतो. ज्यांनी निदान केलं त्यांना हे सांगा, फारच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि "अजून चार मैत्रिणी कर" हा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, माझ्या मुलाला तो दहा वर्षं मिळतोय, त्याने त्याचा फक्त एकटेपणा वाढला.

शाईची_दौत:
सगळ्यांचे आभार, रडू आलं वाचून. असा मेसेज लिहिलाय, जरा बघा: "तू स्पेस म्हणालीस त्याचा अर्थ मला नीट कळला नाही. आठवड्यातून एकदा बोललेलं चालेल का? चालणार असेल तर वार सांग. मधल्या दिवसांत उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." शेवटचं वाक्य खरं आहे का ते अजून तपासतीये, खरं वाटलं की पाठवते.

पलीकडची_मी:
शेवटच्या वाक्याऐवजी "मी प्रयत्न करेन" लिही. ते खरं आहे.