सदनिकेचा विमा किती रकमेचा आणि कशाकशाचा घ्यावा?

प्रश्न : एक शिक्षक, ब्रह्मपुरी
तीन मजली इमारतीतील तळमजल्यावरची सदनिका आम्ही गृहकर्ज काढून २८ लाख रुपयांना घेतली आहे. बँकेने घराचा विमा मागितला असून विमा प्रतिनिधी पूर्ण २८ लाखांचीच पॉलिसी घ्या, असे म्हणतात. इमारतीची अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे, पण तिने विमा काढला आहे की नाही, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर आम्ही पाहिला आहे; शिवाय जमीन काळी असल्याने भिंतींना भेगा पडण्याचीही धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त विमा अधिकारी, वर्धा
सर, २८ लाखांत जमिनीतील हिस्साही आला, आणि जमीन काही पुन्हा बांधावी लागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे; तिच्यात इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी काढतात. समजा, चटई क्षेत्र ६० चौरस मीटर आणि दर २२,००० रुपये असेल, तर रक्कम १३.२० लाख होते. घरातील सामानाला तिच्या २० टक्के, म्हणजे २.६४ लाखांचे संरक्षण आपोआप मिळते. याची कमाल मर्यादा १० लाख आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप हे सारे मूळ पॉलिसीतच येते, त्यामुळे पुरासाठी वेगळे पैसे मोजू नका. चोरीचे मात्र नीट वाचा: विम्यातील एखाद्या दुर्घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच येथे धरली जाते, त्यामुळे घरफोडीचे संरक्षण स्वतंत्र घ्यावे लागेल. दागिन्यांसाठीही ऐच्छिक संरक्षण मागून घ्यावे लागते.

उत्तर : स्थापत्य अभियंता, हिंगणघाट
भेगांबद्दल मला काळजी वाटते, कारण आपल्याकडे लोक याच बाबतीत फसतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की भिंती चिरतात. पॉलिसीत जमीन खचण्याचा समावेश आहे, परंतु नेहमीच्या भेगा, नव्या बांधकामाचे बसणे, भरावाची जमीन दबणे आणि सदोष रचना किंवा बांधकाम यांतून झालेले नुकसान वगळलेले असते. म्हणून आजच सर्व भिंतींची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा आणि दोष बांधकामाचा असेल, तर त्याची लेखी मागणी विकासकाकडे करा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आतील रचनात्मक दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी रेरा कायद्याने त्याच्यावर टाकली आहे.

उत्तर : बँक कर्मचारी, वरोरा
कर्जासोबत जो ‘कर्ज सुरक्षा विमा’ देतात, तो बहुधा कर्जदाराच्या जीवाचा असतो; कर्जदार गेल्यास उरलेले कर्ज फिटते, पण घर जळाले तर त्यातून काही मिळत नाही. दोन्हींची कागदपत्रे वेगळी मागा. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. स्लॅब, जिना आणि गच्चीवरची टाकी यांचे नुकसान कोणाच्या विम्यात येईल?

उत्तर : निवृत्त विमा अधिकारी, वर्धा
हे भाग सामाईक असल्याने त्यांचा विमा असोसिएशनने काढणे योग्य. सभेत लेखी अर्ज देऊन पॉलिसीची प्रत मागा, आणि पॉलिसी नसेल तर ठराव करून घ्या. तोवर स्वतःची पॉलिसी थांबवू नका, कारण पावसाळा तोंडावर आहे.