जुन्या ट्रकची धूरचाचणी : आपले अनुभव

पायरस्ता

गेल्या आठवड्यात दादांचे लोखंडी कपाट आवरायला घेतले, तेव्हा आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात २००९ सालचे पीयूसी प्रमाणपत्र सापडले. ट्रक विकून बारा वर्षे झाली, दादांना जाऊन दोन, पण तो कागद त्यांनी टाकला नव्हता. त्यावरचा आकडा ५८ आहे आणि त्या आकड्यासाठी आम्ही दोघांनी घालवलेला आठवडा मला जसाच्या तसा आठवला.

गाडी १९९४ सालची, सहा सिलिंडरची, टर्बो नसलेली होती. कराडहून साखर घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचे आणि येताना चिरा आणायचा, हा आमचा धंदा. सोमवारी पासिंग (आरटीओची तपासणी) होते आणि आधीच्या मंगळवारी धूर मोजला तेव्हा आकडा ७९ आला; मर्यादा ६५ ची. गॅरेजमध्ये सांगण्यात आले की इंजिन उतरवून पिस्टन, लायनर, रिंगा सगळे बदलावे लागेल. दादा म्हणाले, "गाडी ऑइल खात नाही आणि धूर निळा नाही, काळा आहे, मग रिंगांना दोष कशाला द्यायचा?" त्यांनी आधी ऑइल बाथचा एअर क्लीनर उघडला, तर तळाच्या तेलाचा चिखल झाला होता. तो धुऊन नवे तेल भरल्यावर आकडा ७२ वर आला. मग इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी सहाही नोझल तपासायला दिली, त्यांतली दोन फवारा न मारता टपकत होती. ती बदलली आणि शनिवारी संध्याकाळी ५८ आला. परतीच्या वाटेवर दादा एक शब्द बोलले नाहीत, पण तो कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवून दोनदा हाताने चाचपला होता.

आपल्यापैकी ज्यांनी जुनी डिझेल गाडी अशी चाचणीतून काढली असेल, त्यांनी कृपया लिहावे.

पंपखोली

दादांनी धुराचा रंग आधी पाहिला, हेच खरे निदान होते. मी बावीस वर्षे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे जुळवणीचे, काम करतो आणि रोज हेच सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे किंवा डिझेलचा फवारा बारीक होत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आणि इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर राहिला, तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे पॅकिंग) पाहावे लागते. यंत्राला मात्र रंग कळत नाही. धुरामुळे किती प्रकाश अडतो एवढेच ते मोजते, म्हणून कारण माणसानेच शोधायचे असते. स्वस्त ते आधी तपासावे, म्हणजे एअर फिल्टर, मग टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर, मग नोझल, मग टायमिंग, आणि शेवटी पंप. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यात गरीब मालकाचे पैसे जातात.

माळरान

माझ्या कागदावर २.३८ लिहिले आहे आणि येथे सगळे साठ-सत्तरच्या गोष्टी करत आहेत. माझी गाडी पास आहे की नापास? २००३ चे मॉडेल आहे.

पंपखोली

पास आहे. एकच गोष्ट दोन मापांत लिहितात. ६५ हा हार्ट्रिज एककातला आकडा आहे, म्हणजे ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या नळीतून जाताना ६५ टक्के प्रकाश अडतो. तोच धूर दर मीटरला २.४५ असा लिहिला जातो. बीएस चार या नंतरच्या, कडक प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ५०, म्हणजे १.६२, ही मर्यादा आहे. आपले २.३८ काठावरचे आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा जाण्यापूर्वी नोझल अवश्य पाहून घ्यावीत.

दूधसागर

दादांविषयी वाचून डोळे भरून आले. आमची गोष्ट गोव्याची आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि आमचा टिपर घराच्या कडेला माडाखाली उभा राहिला. काम पुन्हा सुरू होण्याची आशा दिसली, तेव्हा त्याला पासिंगला न्यायचे ठरवले. टाकीत तीन पावसाळ्यांचे पाणी साचले होते, डिझेलवर शेवाळासारखा थर आला होता, नोझलच्या सुया जागीच अडकल्या होत्या आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे होते. टाकी उतरवून धुतली, नळ्या आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. तरीही पहिल्या दिवशी धूर इतका होता की शेजारच्या काकींनी खिडक्या लावून घेतल्या. मग एका जुन्या ड्रायव्हरने सांगितल्याप्रमाणे माल भरून फोंड्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी जळून गेली आणि गाडी पास झाली. उभ्या गाडीसारखे वाईट काही नाही.

घाटमाथा

मी केलेली चूक इतर कोणी करू नये म्हणून लिहितो. चाचणीच्या आदल्या दिवशी एका मेस्त्रीने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी केले. आकडा ४६ आला आणि मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तेरा टन कांदा घेऊन कसारा घाट चढताना गाडीत दमच उरला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये रांगत असताना मागे वाहनांची रांग लागली आणि इंजिनचे तापमान चढत गेले. घाबरून मी पंप पुन्हा वाढवून घेतला आणि पहिल्यापेक्षा जास्त काळा धूर सोडत वर्षभर फिरलो. त्या प्रमाणपत्राला काहीच अर्थ नव्हता, हे मला मान्य आहे.

सावली

मी ट्रकमालक नाही. माझे वडील पंचवीस वर्षे मालट्रकवर ड्रायव्हर होते आणि रात्री घरी आल्यावर त्यांच्या रुमालावर काळे डाग असायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसांत निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले, ते वाचले तेव्हा मला तो रुमाल आठवला. घाटमाथा यांनी प्रामाणिकपणे लिहिले याबद्दल मी त्यांची आभारी आहे. धूर सर्वांत आधी केबिनमधल्या माणसाच्या छातीत जातो, म्हणून नोझलवरचा खर्च मालकांनी ड्रायव्हरवरचा खर्च समजावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नांगरट

माझी उसाची गाडी उद्या न्यायची आहे, १९९९ चे मॉडेल. गेल्या महिन्यात ७४ आला होता. हा धागा वाचून आजच नवा एअर फिल्टर बसवला.

पायरस्ता

थंड गाडी घेऊन जाऊ नका. किमान पंधरा-वीस किलोमीटर चालवून, ऑइल नीट तापल्यावरच धूर मोजणारी नळी सायलेन्सरमध्ये घालू द्या. न्यूट्रलमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरच्या (कमाल वेग रोखणाऱ्या भागाच्या) मर्यादेपर्यंत जाऊ देतात आणि सोडतात, असे अनेकदा करून सरासरी काढतात. पहिल्या दोन-तीन रेसमध्ये जुनी काजळी बाहेर पडते, ती मोजणीत धरली जात नाही ना, हे नम्रपणे विचारा.

नांगरट

आत्ताच परत आलो. ६८ आला. त्यांनी पाच वेळा रेस दिली आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा थोडा कमी होता, म्हणून आशा वाटते. नोझल काढून तपासायला दिली आहेत, गुरुवारी मिळतील. तोवर गाडी उभीच ठेवणार आहे.